घर टेक्सासात, वारस प्रतापनगरात

नमस्कार मंडळी. कूलरच्या आवाजात ऐकू येत नसेल तर रेडिओ जरा मोठा करा, कारण आजचा विषय, परदेशातल्या मालमत्तेचा वारसा, कोरडा आहे पण कामाचा आहे.

तीनेक वर्षांपूर्वी प्रतापनगरच्या एक काकू माझ्याकडे आल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत मुलाची फाईल. मुलगा टेक्सासला होता, तिकडेच वारला, लग्न झालेलं नाही, विल नाही, मागे एक घर. कोणीतरी सांगितलं म्हणून काकूंनी इथल्या कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट काढलं, त्यात दीड वर्ष गेलं न् फी गेली ती वेगळी, आणि तिकडच्या वकिलाने दोन ओळींत कळवलं की घरासाठी हा कागद चालत नाही. आता ते सर्टिफिकेट असतंच मुळी येणी, ठेवी, शेअर यांच्यासाठी, घराजमिनीला ते नागपुरातही चालत नाही, टेक्सासात कुठून चालणार! शेती मौद्याला असली तर तलाठ्याकडे जाता ना, तसंच घर तिकडे असलं तर त्या काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, प्रोबेट कोर्टात, जिथे वारशाची कामं चालतात तिथे, जावं लागतं.

खरा धक्का पुढेच होता बाप्पा. आपल्या 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलाचं सगळं आईला, म्हणून काकू निर्धास्त. पण घर तिकडचं, म्हणून कायदाही तिकडचा. टेक्सासच्या कायद्यात वडील हयात नसतील आणि भावंडं असतील तर अर्धं आईचं, अर्धं भावंडांचं. म्हणजे अमरावतीला दिलेली मुलगी निम्म्याची मालकीण! मुलगी समजूतदार निघाली म्हणून बरं, नाहीतर मायलेकींत कोर्टकचेरी व्हायला किती वेळ लागतो.

विल असतं तर हे टळलं असतं. पण विलातही एक गंमत आहे. तिकडच्या घराचं विल तिकडे केलं, नंतर इथे धरमपेठच्या फ्लॅटसाठी दुसरं केलं, आणि टायपिस्टने सवयीने वाक्य टाकलं, 'यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत'. झालं, तिकडचंही गेलं! 'फक्त भारतातील मालमत्तेपुरते' एवढे शब्द घालून घ्या, सही करण्याआधी.

टॅक्सचं थोडक्यात सांगतो. भारतात एस्टेट ड्युटी, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर लागणारा कर, 1985 मध्ये बंद झाली, वारशावर टॅक्स नाही. पण नागपुरात बसून मोबाईलवरून अमेरिकन शेअर घेणाऱ्या पोरांनो, तुम्ही अमेरिकेचे नागरिक नाही न् तिकडे राहतही नाही, म्हणून तुम्हाला तिथल्या एस्टेट टॅक्समधून सूट फक्त 60,000 डॉलरची, त्याच्या वरच्या रकमेवर टॅक्स 40 टक्क्यांपर्यंत जातो. आणि वारशात आलेलं बाहेरचं घर इथल्या रिटर्नमध्ये शेड्युल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, भाडं येवो न येवो. फेमा म्हणजे आपल्या परकीय चलन कायद्याखाली परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेलं घर ठेवता येतं, त्याची भीती नको.

कागद पाठवायचे तर अपोस्टिल लागतो, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. अमेरिकेला तो चालतो, दुबईला नाही चालत, तिथे आपल्या परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो.

काकूंचं काम सगळ्यात जास्त अडलं ते मात्र एका अक्षरावर. शाळेच्या दाखल्यावर नाव एका स्पेलिंगने, पासपोर्टवर दुसऱ्या, आणि घराच्या डीडवर मधलं वडिलांचं नावच गायब. तोच हा मुलगा, असं अ‍ॅफिडेव्हिट करायला काकू भर मे महिन्यात ऑटोने सिव्हिल लाइन्सला चार चकरा मारत होत्या.