छाटीचा हिशेब

मघाशी माझी ओळख करून देताना ‘समाजसेवेची आवड असलेले प्राध्यापक’ असं सांगितलं गेलं. आवड होती, खरं आहे. अक्कल उशिरा आली.

मी कॉमर्सचा मास्तर. राष्ट्रीय सेवा योजनेचं काम अंगावर आलं तेव्हा मला एवढंच कळत होतं की वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं शिबिर. तास भरले की सुटलो. आम्ही झाडं लावली. पुढच्या वर्षी त्याच गावात गेलो तर खड्डे तयार होते, रोपं तेवढी नव्हती. आणि शिबिराहून परतल्यावर सोमवारी मी वर्गात कॉस्टिंगचा धडा काढायचो, त्या सात दिवसांबद्दल चकार शब्द नाही. सेवा एकीकडे, शिकणं दुसरीकडे. या दोघांची गाठ घालायची म्हणजे ‘सर्व्हिस लर्निंग’. हे नाव १९६०च्या दशकात अमेरिकेत रूढ झालं, पण हाताला काम देऊन त्यातूनच शिकवायचं हा गांधीजींच्या नई तालीमचा विचार १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला होता. आपण तो परीक्षेत पाच मार्कांना विचारला आणि विसरलो.

माझे डोळे उघडले ते इथेच, सोलापूरच्या पूर्वभागात. विडी कामगार बायकांना ‘हिशेब ठेवायला शिकवायचं’ म्हणून मी मुलं घेऊन गेलो. शिकवायचं! एक अक्का दारात सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवलेली, मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापलेली. बोलता बोलता विडी वळत होत्या, दोरा बांधत होत्या, आणि मोजणी तोंडीच चालू. आमच्या मुलाच्या हातात कॅल्क्युलेटर होता, तरी तो मागे पडला.

मग त्यांनी छाटीचं सांगितलं. माल जमा करताना ज्या विड्या बाजूला काढतात ती छाट. तिची मजुरी नाही. कधी मिळालेली पानं पुरत नाहीत, तर पदरचे पैसे घालून बाजारातून आणायची. म्हणजे हजार विड्यांची मजुरी हातात पडायला हजारावर विड्या वळायच्या, शिवाय पानाचा खर्च आपलाच. ‘नॉर्मल लॉस’ म्हणजे कामात धरून चाललेली घट आणि ‘ॲबनॉर्मल लॉस’ म्हणजे त्यावरची, हे मी पंधरा वर्षं फळ्यावर शिकवत होतो. नुकसान कुणाच्या खात्यावर पडतं, हा प्रश्न एकाही मुलानं मला कधी विचारला नव्हता. त्या दिवशी परत येताना रिक्षात चौघांनी विचारला.

आणखी एक गंमत. अक्कांचं बरंचसं बोलणं तेलुगूत. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, मराठीत उत्तर द्यायला कचरणारा एक मुलगा त्या दिवशी आमचा दुभाषी झाला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथं शिकवूही लागले. आपल्याला अशोक चौकापलीकडची, याच पूर्वभागातली भाषा येत नाही, आणि आपण तिकडे शिकवायला जातो.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे अशा कामाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळतात. दोन श्रेयांक म्हणजे साधारण ६० तास. चांगलं आहे. मात्र आमच्या वेळी हजेरीपटावर जे झालं तेच आता पोर्टलवर होईल, ही धास्ती मला आहे. तास मोजणं सोपं असतं हो. म्हणून माझी विनंती एकच: मुलं परत आली की वर्गातला पुढचा तास त्यांच्या वहीवर घ्या. जे पाहिलं ते तुमच्या विषयात कुठं बसतं आणि कुठं बसत नाही, हे फळ्यावर मांडा. न बसणारं जास्त कामाचं.

आमच्या मुलांनी महिनाभरानं एक तक्ता केला: पानं, दोरा, छाट, मजुरी. झकास झाला होता, मी त्याला पैकीच्या पैकी दिले. अक्का मात्र म्हणाल्या, ‘लिहिलंय ते आम्हाला वाचून दाखवा की.’ म्हणून पुन्हा गेलो. त्या मुलानं तेलुगूत वाचलं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, ‘पोरगी शाळेतून येऊन विड्यांची तोंडं बंद करते, ते कुठं लिहिलंय?’

तक्त्यात तो रकाना नव्हता. दिलेले मार्क मी तिथल्या तिथं खोडले, आणि मुलं पुन्हा वही उघडून बसली.