आईच्या पावलानं परदेश

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका काकांचा फोन आला. "ताई, सिंगापूर-मलेशियाचं पक्कं झालं बरं का. पैसे भरून मोकळा झालो." मी विचारलं, "काका, पासपोर्टच्या तारखा पाहिल्या का?" तर म्हणाले, "त्यात काय पाहाचं आहे? पाचही पासपोर्ट कपाटात ठेवूनच आहेत ना."

मी तशीच उठून त्यांच्या घरी गेले. काकूंनी साड्यांच्या घडीखालून पाचही पासपोर्ट काढले आणि आम्ही ते दिवाणावर एका ओळीत मांडले. चार ठीक होते. पाचवा आजींचा. त्याची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर चारच महिन्यांनी संपत होती. आणि सिंगापूर, मलेशिया, थायलंड अशा ठिकाणी जायचं तर तिथं उतरण्याच्या दिवसापासून किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक लागते, असं धरूनच चालायचं. ती नसेल तर विमान कंपनी आपल्याला इथल्याच काउंटरवर थांबवते, तिथपर्यंत पोचूच देत नाही. काकांच्या हाताशी दीड महिना होता, म्हणून निभावलं. हेच विमानतळावर कळलं असतं तर घरच्या सगळ्यांत थोर माणसाला मागे ठेवून बाकीच्यांनी जायचं की सगळ्यांनीच परत फिरायचं, हा प्रश्न रांगेत उभं राहून सोडवावा लागला असता.

मी बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची काही वर्षं परकीय चलनाच्या टेबलावर होते. तेव्हापासून ओळखीतली माणसं बाहेरगावी निघाली की आधी माझ्याकडे येतात. आणि मी प्रत्येकाला एकच विचारते : तुमच्यात सगळ्यांत हळू चालणारं माणूस कोण? बेत त्याच्या पावलानं आखा. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

तर आधी पासपोर्ट, मग तिकीट. साध्या ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १५०० रुपये आहे, तत्काळ हवा असेल तर आणखी २००० रुपये. आपल्या नागपुरातच पासपोर्ट कार्यालय असल्यामुळे मुंबईला धावावं लागत नाही. पण पोलीस पडताळणीला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो, तेव्हा दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा. आणि एक सांगते, एजंटला आधार कार्डाचा फोटो पाठवू नका, पासपोर्टच्याच पहिल्या पानाचा पाठवा. आपल्याकडे बायकांचा घोटाळा होतो तो इथंच. पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा, आणि आधार सासरच्या नावाचं. तिकीट आधारवरून निघालं की दोन नावं दोन दिशांना. पासपोर्टवर जे नाव, जसं आणि ज्या क्रमानं, तेच तिकिटावर हवं.

आता तिकिटाकडे वळते. इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

आपलं नागपूर देशाच्या मध्यावर, झिरो माईलचा दगड आपल्याच शहरात. पण पूर्वेच्या शहरांना जायचं तर मधे कुठंतरी विमान बदलावं लागतं. मुंबई, कोलकाता, दिल्ली, हैदराबाद किंवा बंगळूर. दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन आम्ही पाच जण बँकॉकला निघालो होतो. नागपूर-मुंबई एक तिकीट, मुंबई-बँकॉक वेगळ्या कंपनीचं दुसरं. माणशी तीन-साडेतीन हजार वाचत होते. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सकाळचं विमान अडीच तास उशिरा सुटलं. मुंबईत उतरून, पट्ट्यावरून बॅगा उचलून, दुसऱ्या टर्मिनलला पोचेपर्यंत काउंटर बंद झालेलं. पहिली कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला मुंबईला आणून सोडलं. दुसरी म्हणाली, तुम्ही वेळेत आलाच नाहीत. तिकिटं वेगवेगळी काढल्यामुळे दोघांचंही म्हणणं नियमाला धरून होतं. पाच तिकिटांचे पैसे गेले. आई ट्रॉलीच्या कडेला बॅगेवर टेकली, पिशवीतून तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा स्टीलचा डबा काढला आणि आम्हा प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन पुऱ्या ठेवल्या. "खाऊन घ्या आधी," एवढंच बोलली. ते मला अजून आठवतं.

म्हणून सांगते, नागपूर ते शेवटच्या शहरापर्यंत एकच तिकीट काढा, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर. मग मधलं विमान चुकलं तर पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीची राहते, आणि बहुतेक वेळा बॅगाही थेट शेवटपर्यंत जातात. वेगळी तिकिटं घ्यावीच लागली तर एक मुक्काम आधी मुंबईत किंवा कोलकात्यात करा. आपल्याला सवयीनं मुंबईच आठवते, पण बँकॉकसाठी कोलकाता विचारून पाहा. कोलकात्याहून बँकॉक अडीच तासांच्या आसपास आहे, उलट पश्चिमेला जाऊन पुन्हा पूर्वेला यायचं म्हणजे थोरांचे पाय आणि आपला दिवस, दोन्ही जातात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीवरून जाणार असाल तर धुक्याचा हिशेब धरून मधे भरपूर वेळ ठेवा.

कधी जायचं? आपल्याला एक सवलत आहे, तिचा उपयोग फार कमी लोक करतात. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. बाकी महाराष्ट्राच्या शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू झालेल्या असतात, तिकडची गर्दी ओसरते आणि आपली मुलं मात्र अजून मोकळी असतात. त्या दहा-बारा दिवसांत क्वालालंपूर चांगलं. तिथं सरी वर्षभर येतात, पण जून-जुलैत पाऊस त्यातल्या त्यात कमी. सिंगापूरला मात्र त्यांच्याच शाळांना जूनमध्ये सुट्टी असते, म्हणून प्राणिसंग्रहालयासारख्या ठिकाणी रांगा लागतात. श्रीलंकेचं गणित वेगळं. मे ते सप्टेंबर कोलंबो आणि नैर्ऋत्य किनाऱ्यावर पाऊस असतो, तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली कोरडं असतं. डिसेंबरनंतर उलट. आणि श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी मांस आणि दारूची विक्री बंद असते. कँडीला दंतधातूच्या, म्हणजे बुद्धांच्या दाताच्या मंदिरात जायचं असेल तर त्या दिवसाची गर्दी लक्षात घ्या. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पांढरे कपडे असले तर उत्तमच. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेऊ नका, तिथल्या लोकांना तो अपमान वाटतो. दीक्षाभूमीच्या गावच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण बरोबरच्या लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

नेपाळात लुंबिनीला, बुद्धांच्या जन्मस्थानी, जाणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. नागपूरवरून गोरखपूरला थेट रेल्वे जाते, तिथून सोनौलीची सीमा सुमारे १०० किलोमीटर. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र जवळ ठेवा. नुसत्या आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. आणि आपल्या १०० रुपयांचे तिथं १६० नेपाळी रुपये होतात, हा दर ठरलेला आहे. दुकानदारानं भाव सांगितला की कोणत्या रुपयांत, ते आधी विचारा.

व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात. शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी लागला नाही म्हणून आपल्याला लागणार नाही, असं धरू नका. त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर तिकीट काढण्याआधी एकदा आणि निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा पाहा. सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. शिवाय थायलंड, मलेशिया आणि सिंगापूर या तिन्ही ठिकाणी पोचण्याआधीच्या ३ दिवसांत आगमनाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. थायलंडनं हे १ मे २०२५पासून सुरू केलं. हे तिन्ही फॉर्म फुकट आहेत. मोबाइलवर शोधायला गेलात की पैसे मागणारी हुबेहूब पानं आधी दिसतात. पैसे मागितले की समजा, आपण चुकीच्या पानावर आलो. घरातल्या मुलाबाळांच्या मदतीनं भरा, पण सरकारी पानावरच भरा.

पैशांबद्दल तर माझं टेबलच होतं. बाहेर जाताना परकीय चलनाच्या नोटा एका सहलीला ३००० डॉलरच्या किमतीपर्यंत नेता येतात. कुटुंबाच्या आठवड्याच्या सहलीला इतक्या लागतही नाहीत. परवाना असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. रोख रुपये ५०,०००पर्यंतच स्वीकारले जातात, त्यापुढे खात्यातून द्यावे लागतात. सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो खर्च समजू नका. तो तुमच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना मिळतो. एजंटकडून त्याचा कागद मागून घ्या. किती निवृत्त माणसं ही रक्कम सोडून देतात, ते मी पाहिलं आहे, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दुकानात कार्ड दिलं की मशीन विचारतं, रुपयांत घेऊ की इथल्या चलनात? रुपयांचा आकडा ओळखीचा, म्हणून आपलं बोट तिकडे जातं. तसं करू नका. रुपये निवडले की दर तो दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि तो बहुधा महाग पडतो. तिथलंच चलन निवडा. आणि तिथलं सिम घेतलं तरी आपलं सिम फोनमध्ये चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येणार.

आता बॅगेबद्दल. माझी एक मैत्रीण मुलासाठी सिंगापूरला सावजी मसाला नेणार होती. घरी गेले तर सगळं घर धणे, दगडफूल आणि सुक्या मिरच्यांच्या वासानं भरलेलं, आणि शेगडीवर खसखस भाजणं चाललेलं. मी म्हटलं, "थांब बाई, गॅस बंद कर." सिंगापुरात खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणायला बंदी आहे. तिला खरंच वाटेना. आपण तर शिऱ्यात घालतो, लेकराला दुधातून देतो! पण कायदा त्यांचा. तिनं तो घाणा घरासाठी ठेवला आणि दुसरा केला, खसखशीऐवजी सुकं खोबरं जास्त भाजून. मुलानं चाटूनपुसून खाल्लं म्हणे.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाणाऱ्या भावांना आणि काकांना मी हात जोडून सांगते. सिंगापुरात चघळायचा तंबाखू नेता येत नाही. एक पन्नी खिशात राहिली तरी सगळ्या घरादाराला विमानतळावर ताटकळावं लागेल. ई-सिगारेट सिंगापूरला चालत नाही, थायलंडलाही नाही. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सिंगापूरला नेण्याआधी परवानगी घ्यावी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. चार-पाच दिवसांच्या जास्त घ्या. बँकॉकचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास, सिंगापूर-क्वालालंपूरचं अडीच तास. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्या. विमा काढताना बीपी-शुगर लपवू नका, नाहीतर गरजेच्या वेळी तोच कागद कामी येत नाही.

शाकाहारी माणसांनी बँकॉकला एक शब्द पाठ करावा : "जे". पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं की तिथं मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. नुसतं "भाजीचं द्या" म्हटलं तर भाजीतही माशाचा रस, नाम प्ला, घातलेला असतो.

आणि कृपा करून सात दिवसांत तीन देश करू नका. शहर बदललं की हॉटेल सोडणं, तीन तास आधी विमानतळ, तपासणीच्या रांगा, नवं हॉटेल, असा एक दिवस तसाच जातो. थोर माणसं मग बसमध्ये झोपतात आणि फोटोपुरती खाली उतरतात. क्वालालंपूरजवळच्या बटू लेण्यांना २७२ पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वर नेण्याचा हट्ट कशाला? ४२.७ मीटर उंचीचा सोनेरी मुरुगन पायथ्याशीच उभा आहे, तिथं सावलीत तासभर बसू द्या. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, विमानतळावरचं चालणंच फार असतं. आणि हॉटेलचं कार्ड, तिथल्या लिपीत पत्ता असलेलं, प्रत्येकाच्या खिशात हवं. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग. परतीच्या तिकिटावर कोणता आहे, ते आदल्या रात्री वाचा. तिथं अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

मुंबईहून परत फिरलेल्या त्या सहलीनंतर आठ महिन्यांनी आम्ही आईला पुन्हा नेलं. कोलकात्यावरून, एका तिकिटावर, एकाच शहरात पाच दिवस. वाट फो इथं निजलेल्या बुद्धाची ४६ मीटर लांबीची मूर्ती आहे. तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. आई पावलांपाशी थांबून एकेक चिन्ह पाहत राहिली. मग पाठीमागच्या भिंतीलगत १०८ काशाची भांडी ओळीनं मांडलेली दिसली. तिनं सुट्ट्या नाण्यांची वाटी घेतली आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत निघाली. टण्, टण्. गाइडच्या मागे जाणारे तीन-चार घोळके आमच्या बाजूनं पुढे निघून गेले. मधे ती दोनदा दम खायला थांबली, एकदा मोजणी चुकली म्हणून मागे आली. शेवटचं नाणं पडलं तेव्हा पाऊण तास झाला होता. बाहेर येऊन तिनं विचारलं, "उद्या परत येता येईल का गं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो.

नमस्कार.