केळीची वाघीण आठ बाय आठच्या चौकोनात
(भुसावळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडलेल्या ज्या यंत्राला आपण नुसते ‘टीव्ही गेम’ म्हणत होतो, त्याच्यासाठी आज एखादा नवा खेळ करवून घेता येईल का, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मला विचारला आहे. करवून घेता येतो. जगभरातले हौशी प्रोग्रामर या यंत्रासाठी आजही नवे खेळ लिहीत आहेत आणि त्यासाठी लागणारी साधने मोफत मिळतात. मात्र प्रोग्रामर शोधण्याआधी एक काम करवून घेणाऱ्याने स्वतःच करायचे असते, आणि माझे आजचे बोलणे त्या कामाविषयी आहे. आपल्या मनातली कल्पना त्या यंत्राच्या मापात बसवून, चौकटीच्या कागदावर उतरवून, मगच ती दुसऱ्याच्या हाती द्यावी.

यंत्राचे माप थोडक्यात सांगतो. निन्टेन्डोने जुलै १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम बाजारात आणला आणि १९८५ पासून तोच एनईएस या नावाने अमेरिकेत विकला जाऊ लागला. आपल्या बाजारात आली ती बहुतांशी त्याच रचनेची नक्कल केलेली यंत्रे. आत ६५०२ या घराण्यातला प्रोसेसर असतो, ज्याला गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नाही. कामाची मेमरी २ किलोबाइट, आणि अगदी साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट व चित्रांसाठी ८ किलोबाइट जागा. संपूर्ण खेळ एवढ्यात बसवायचा असतो.

रावेरकडच्या एका तरुणाने माझ्याकडे आणलेली कल्पना मी उदाहरणादाखल घेतो, कारण ती मला मनापासून आवडली. बागेतून केळीचे घड उचलायचे, सावद्याच्या स्थानकावर न्यायचे आणि ऊन चढण्याच्या आत वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, भरायची, असा त्याचा खेळ. दिल्लीकडे जाणाऱ्या केळीच्या गाड्या पाहत वाढलेल्या माणसालाच हे सुचू शकते. आता ही कल्पना यंत्राच्या भाषेत काय मागते, ते पाहू.

पडदा २५६ बाय २४० बिंदूंचा असतो, पण तो बिंदूबिंदूंनी रंगवता येत नाही. आठ बाय आठच्या चौकोनांची फरशी बसवल्याप्रमाणे तो भरावा लागतो. अशा ९६० जागा असतात आणि त्यांच्यासाठी एका वेळी वेगवेगळे चौकोन मिळतात फक्त २५६. म्हणून केळीच्या बागेतले प्रत्येक झाड वेगळे काढायचे नाही; दोन-तीन पाने आणि एक खोड काढून त्यांचीच मांडणी बदलत राहायची. रंगांचे बंधन याहून कडक आहे. पार्श्वभूमीसाठी तीन-तीन रंगांचे चार संच आणि सर्वांना सामाईक असा एक रंग मिळतो, आणि सोळा बाय सोळाच्या एका भागात एकच संच वापरता येतो. हिरव्या पानाला लगटून पिवळा घड दाखवायचा असेल, तर दोन्ही रंग एकाच संचात तरी हवेत, नाहीतर घडाची जागा सोळाच्या पटीत तरी सरकवायला हवी. हा निर्णय चित्र काढतानाच घ्यावा लागतो, कारण तो लांबणीवर टाकला तर सगळी चित्रे पुन्हा काढावी लागतात.

हलणाऱ्या आकृत्यांना स्प्राइट म्हणतात. ते एकूण ६४ मिळतात, पण एका आडव्या रेषेवर आठच दिसतात. सोळा बिंदू रुंदीचा हमाल दोन स्प्राइट व्यापतो, म्हणजे फलाटावर एका रांगेत चार हमाल उभे राहिले की मर्यादा संपली. पाचवा त्या रेषांवर उमटतच नाही. स्प्राइटचा क्रम दर चौकटीला, म्हणजे पडदा नव्याने रेखाटला जातो त्या प्रत्येक वेळी, फिरवला, तर कोणी एक कायमचा नाहीसा होण्याऐवजी सगळे आळीपाळीने लुकलुकतात, आणि जुन्या खेळांतली ती लुकलुक आपल्याला आठवत असेलच. या तरुणाने दहा हमालांची गर्दी मागितली होती. मी त्याला तीन हमाल दिले, आणि गर्दीचा भास होण्यासाठी बाकीचे फलाटावर पार्श्वभूमीत बसवले.

‘गाडी सुटताना दिसली पाहिजे’ हे बोलायला एक वाक्य आहे, पण ते प्रोग्रामरचे पुष्कळ काम वाढवते, कारण पार्श्वभूमीचा थर एकच असतो आणि तो सरकवला की स्थानकही गाडीबरोबर चालू लागते. पडदा वरून खाली रेखाटला जात असताना ठरावीक रेषेवर सरकण्याचे मूल्य बदलले, तरच वरचा भाग स्थिर राहून खालचा हलतो. ती रेष ओळखण्याची सोय यंत्रात एका चौकटीत एकदाच मिळते. म्हणून रूळ पडद्याच्या तळाशी घ्यावेत आणि स्थानक वर ठेवावे. गाडीच्या खालीही स्थिर जमीन हवी असेल, तर वेळ मोजत थांबणारा प्रोग्राम लिहावा लागतो किंवा महागडी कॅसेट घ्यावी लागते.

सर्वांत जास्त विचार मागते ती आपली लिपी, आणि माझ्या मते खानदेशातल्या खेळाचे खरे मोल इथेच आहे. रोमन अक्षर आठ बाय आठमध्ये आरामात मावते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, शिवाय जोडाक्षरे असतात, त्यामुळे एका ओळीला निदान सोळा बिंदूंची उंची द्यावी लागते. रावेर-सावद्याकडे लेवा बोली, धुळे-अमळनेरकडे अहिराणी; या तरुणाने एक हमाल धुळ्याकडचा ठरवला आणि त्याच्या तोंडी ‘काय करी राह्यना?’ हे वाक्य घातले. प्रत्येक अक्षर व मात्रा यांचे सगळे मेळ साठवायला गेलो, तर २५६ चौकोन वर्णमालेतच संपतील. त्याऐवजी खेळातली सर्व वाक्ये आधी पक्की करावीत, ती चित्र म्हणून काढावीत, चौकोनांत कापावीत आणि सारखे दिसणारे चौकोन गाळून उरलेले मोजावेत. वीस चौकोन रुंदीची एक ओळ जास्तीत जास्त चाळीस चौकोन खाते. अशा तीन ओळी म्हणजे जवळजवळ निम्मा साठा.

दुसरा मार्ग म्हणजे चित्रांसाठी रॅम असलेली कॅसेट, ज्यात हवे ते चौकोन खेळ चालू असताना लिहिता येतात. हे लेखन पडदा रेखाटून झाल्यावरच्या छोट्या फटीतच करता येते, म्हणून दर चौकटीला थोडेच चौकोन बदलतात आणि अक्षरे एकामागोमाग उमटतात. बोलणाऱ्या पात्राला ते शोभूनही दिसते. या खेळासाठी मी हाच मार्ग सुचवला.

आवाजाबद्दल थोडेच सांगतो. दोन चौरस लहरी, एक त्रिकोणी, एक खरखर आणि ध्वनिमुद्रित नमुना वाजवणारी एक वाहिनी, एवढेच वाद्यवृंदाचे साहित्य असते. पावरी या फुंकवाद्याचा चढउतार हवा असेल तर तो चौरस लहरीवर ठेवावा, कारण त्रिकोणी लहरीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. अनेक नकली यंत्रांत चौरस लहरीचे दोन स्वरगुण उलटसुलट झालेले असतात, त्यामुळे तीच धून तिथे निराळी ऐकू येते.

म्हणूनच संगणकावरच्या एमुलेटरवर, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, खेळ चालला, एवढ्यावर समाधान मानू नये. मेसेनसारखा एमुलेटर उत्तम आहे, पण खरे यंत्र सुरू होते तेव्हा त्याच्या मेमरीत काय असेल याचा भरवसा नसतो आणि आपल्याकडची यंत्रे सेकंदाला साठऐवजी पन्नास चौकटी दाखवतात. कोणत्या यंत्रावर खेळ चालायला हवा, हे प्रोग्रामरला आरंभीच सांगावे. नकली यंत्रांच्या कॅसेटला साठ पिना असतात, अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला बहात्तर, आणि त्यात परवानगीविना बनवलेल्या कॅसेट अडवणारी कुलपाची वेगळी चिपही असते.

व्यवहार लेखी करावा. मूळ प्रोग्राम, चित्रांच्या व संगीताच्या फाइली आपल्याला मिळतील आणि खेळाचे हक्क कोणाचे, हे त्यात स्पष्ट असावे. मारिओसारखी दुसऱ्याची पात्रे वापरण्याचा मोह टाळावा. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. पहिला टप्पा एवढाच ठेवावा की, एक हमाल घड खांद्यावर घेऊन फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो, आणि ते आपण आपल्या घरच्या यंत्रावर पाहिले आहे. त्यानंतरच वाघिणीचे काम सुरू करण्यास सांगावे.