हप्ता अडला कुठे?

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. ‘पीएम किसानचे पैसे सगळ्या आळीला आले, मलाच नाही,’ ही तक्रार प्रत्येक हप्त्याला ऐकू येते. तो हप्ता कुठे अडतो आणि कोणाच्या टेबलावर सुटतो, तेवढंच आज बोलू.

योजना वर्षाला ६,००० रुपयांची. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे २,००० चे तीन हप्ते. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० वेगळे. पण तो निधीही पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना मिळतो. त्यामुळे तिकडचं नाव अडलं, की इकडचंही अडतं.

तालुक्याला हेलपाटा घालण्याआधी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ उघडा. नोंदणी क्रमांक हरवला असेल तर आधार किंवा मोबाइल क्रमांकावरून तो तिथेच सापडतो. पानावर तीन गोष्टी पाहायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडणं), ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) आणि बँक खात्याचं आधार सीडिंग (खात्याला आधार जोडणं). जिथे ‘नो’ दिसेल, तिथलंच काम करायचं. हे न पाहताच माणसं सगळे कागद घेऊन सगळीकडे फिरतात.

ई-केवायसी सोपी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर होते, नसेल तर सीएससी (सामायिक सेवा) केंद्रावर अंगठा द्यायचा. शेतात राबून ठसे झिजले असतील आणि यंत्र अंगठा घेत नसेल, तर पीएम किसानच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवूनही ती करता येते.

लँड सीडिंगला ‘नो’ असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार घेऊन तालुक्याच्या कार्यालयात जावं लागतं. इथे तारीख महत्त्वाची आहे: १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा बक्षीसपत्राने मिळालेल्या जमिनीवर नवा लाभ मिळत नाही. वारसाने आलेली जमीन मात्र चालते, त्यासाठी वारसनोंदीचा फेरफार जोडा. आणि पती-पत्नींचे सातबारे वेगळे असले तरी कुटुंबाला लाभ एकच. दोघांनी घेतला तर पुढे वसुलीची नोटीस येते.

आता बँक. खरा घोळ इथेच होतो. शेतकरी म्हणतो, ‘माझं आधार लिंक आहे,’ आणि बँकवालाही मान डोलावतो. पण खात्याच्या केवायसीला आधार लावणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत खातं चढवणं वेगळं. त्या यादीत एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं: ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं तिचं. अर्जात तुम्ही कुठलाही खातेक्रमांक दिलेला असो, पैसे तिकडेच जातात. मध्येच कुठे नवं खातं उघडताना डीबीटीच्या संमतीवर सही झाली असेल, तर हप्ता गुपचूप त्या खात्यात जमा होत राहतो. ते खातं बंद झालं असेल तर पैसे परत फिरतात.

तेव्हा आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा. तिथे बँकेचं नाव दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत डीबीटी संमतीचा अर्ज भरा आणि त्यावर जुन्या बँकेचं नाव न विसरता लिहा. शाखा लांब असेल तर पोस्टमनकडून इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडून तेही डीबीटीला जोडता येतं. काही दिवसांनी स्टेटस पुन्हा तपासा. नुसत्या ‘झालं’ या शब्दावर घरी बसू नका.

तिन्ही ठिकाणी ‘येस’ असूनही पैसे नाहीत? मग अपात्रतेचे निकष पाहा. गेल्या वर्षी प्राप्तिकर भरलेलं किंवा दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेलं घर यात बसत नाही. पेन्शनच्या अटीतून चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी तेवढे वगळले आहेत. तरीही उलगडा झाला नाही तर हेल्पलाइन आहे: १५५२६१.

आणि हप्त्याच्या तोंडावर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’ नावाची एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल आली, तर ती उघडू नका. ती बँक खातं रिकामं करणारी फाइल असते. खरं अ‍ॅप प्ले स्टोअरवरूनच घ्या.