वाटून घेतलेला द हान

१९०४ सालचं ॲमस्टरडॅम. एक तरुणी आणि एक डॉक्टर एका नव्या कादंबरीच्या प्रती विकत घेत सुटलेत. वाचण्यासाठी नाही, बाजारातून नाहीशा करण्यासाठी. तरुणी लेखकाची वाग्दत्त वधू. डॉक्टर त्याचा जिवलग मित्र. कादंबरी त्यालाच अर्पण केलेली. तिच्यातले दोन तरुण एकमेकांचे जोडीदार आहेत. नावं योप आणि साम. ‘साम’ हे तर डॉक्टरचंच लाडकं नाव!

लेखक याकोब इस्राएल द हान. वय अवघं बावीस. या कादंबरीपायी मास्तरकी गेली, समाजवादी वृत्तपत्रातलं मुलांचं सदर गेलं. पण तो दबला नाही. कायदा शिकला, झारच्या रशियातले तुरुंग पाहून आला, कैद्यांच्या हालांवर लिहिलं.

१९१९ मध्ये तो पॅलेस्टाइनला गेला तो झिओनवादी म्हणून, म्हणजे ज्यूंना तिथे स्वतःची भूमी हवी असं मानणारा. तिथे त्याचं मन पालटलं. जेरुसलेमच्या कर्मठ, हरेदी ज्यूंचा तो प्रवक्ता झाला. झिओनवादी संघटना आमच्या वतीने बोलू शकत नाही, असं तो तिथल्या सत्ताधारी ब्रिटिशांना ठणकावून सांगू लागला. अरब नेत्यांना भेटू लागला. विद्यार्थ्यांनी त्याच्या कायद्याच्या तासांवर बहिष्कार टाकला. धमक्या आल्या.

३० जून १९२४. जाफा रस्त्यावरच्या शआरे त्सेदेक हॉस्पिटलातल्या सिनेगॉगमधून संध्याकाळची प्रार्थना आटोपून तो बाहेर पडला. तीन गोळ्या.

मारेकरी अरब होता, अशी आवई उठली. १९८५ च्या सुमारास अव्राहाम तेहोमी नावाच्या वृद्धाने कॅमेऱ्यासमोर सांगितलं: हागानाने ठरवलं, ते मी केलं. हागाना म्हणजे ज्यूंचीच भूमिगत सेना. हुकूम किती वरून आला, यावर अजून वाद आहे.

हरेदींसाठी द हान हुतात्मा आहे. त्याच्या प्रेमकविता तिथे कुणी काढत नाही. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठी समलिंगींचं स्मारक आहे, १९८७ चं. गुलाबी ग्रॅनाइटवर त्याची ओळ कोरली आहे: ‘मैत्रीची एवढी अथांग ओढ’. त्या दगडावर जेरुसलेमचा द हान नाही. मला हे लागतं. वाग्दत्त वधूने आणि मित्राने प्रेमापोटी जे केलं, तेच आपण शंभर वर्षं करत आलोय: नको ती पानं गायब.

त्याला स्वतःला मात्र एक बाजू टाकता आली नव्हती. अखेरच्या वर्षांत तो चार-चार ओळींच्या कविता लिहायचा. त्यातल्या एकीत एक माणूस आहे. ॲमस्टरडॅमला असताना त्याच्या तोंडी सदा जेरुसलेम. ओढीने तो जेरुसलेमला येऊन पोचतो, आणि तिथे बसून स्वतःशीच पुटपुटतो: ‘ॲमस्टरडॅम. ॲमस्टरडॅम.’