रेघ दिसत नाही म्हणजे गेली का? क्विल्टवरच्या आखणीबद्दल

मंडळी, क्विल्टवर, म्हणजे थर लावून टाक्यांनी शिवलेल्या गोधडीवर, आखलेली रेघ तिथे राहण्यासाठी नसते. टाका पडेपर्यंत तिने दिसावं आणि नंतर मुकाट्याने निघून जावं, एवढंच तिचं काम. महिनोन्महिने हाताने भरलेला क्विल्ट पहिल्याच धुण्यात तपकिरी रेघांनी भरून येतो, तेव्हा चूक शिवणीत नसते. ती आखायला साधन उचललं तेव्हाच झालेली असते. म्हणून ‘कोणतं पेन चांगलं?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी दोन गोष्टी विचारायच्या: ही रेघ किती दिवस टिकायला हवी, आणि ती जाणार कशी?

‘जाणार कशी’ यावर सगळं अवलंबून आहे. खडूची पूड झटकली की पडते. काही शाया पाण्यात विरघळून वाहून जातात. हेरा या बोथट कडेच्या साधनाने पाडलेली घडी पाणी लागताच सपाट होते. या तिन्हींत रेघ खरोखर जाते. चौथा प्रकार वेगळा आहे. त्यात शाई कापडातच राहते, फक्त तिचा रंग मालवतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, कापडाच्या दृष्टीने मात्र त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हवेने उडणारं जांभळं पेन या चौथ्या प्रकारातलं. अशा शायांमध्ये आम्ल-अल्कलीप्रमाणे रंग बदलणारी द्रव्यं असतात. उदाहरणार्थ, थायमॉलफ्थॅलीन अल्कलीत निळं असतं आणि अल्कली उतरली की रंगहीन होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा मिळून रेघेतली अल्कली मारतात आणि रेघ दिसेनाशी होते. कोरड्या हवेत याला दोन-तीन दिवस लागू शकतात, दमट हवेत काही तासांतच रेघ उडते. संध्याकाळी आखून ठेवलेली नक्षी सकाळी गायब, ही तक्रार त्यातूनच येते. पण यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. कपड्यांचे बहुतेक डिटर्जंट अल्कलीयुक्त असतात. न धुतलेल्या रेघेला तसलं पाणी लागलं की कापडात दडलेलं द्रव्य पुन्हा रंग धरू शकतं. म्हणून रेघ उडाली तरी शिवण झाल्यावर तो भाग साध्या थंड पाण्याने भरपूर धुवायचा, आणि तोवर त्यावरून इस्त्री फिरवायची नाही. आज आखून आजच शिवायचं असेल तर हे पेन ठीक. आठवडाभर चालणाऱ्या हाताच्या कामासाठी ते उपयोगाचं नाही.

उष्णतेने जाणाऱ्या पेनांचंही तेच. पायलट कंपनीची फ्रिक्शन पेनं मुळात कागदावर लिहिण्यासाठी निघाली. त्यांच्या शाईत रंगद्रव्य, त्याला रंग आणणारं दुसरं द्रव्य आणि तापमानाचं नियंत्रण करणारं तिसरं, असं त्रिकूट सूक्ष्म कुपीत बंद असतं. सुमारे ६० अंश सेल्सिअसला ही सांगड सुटते आणि रेघ दिसेनाशी होते. इस्त्री लावली की क्षणात कापड स्वच्छ! शिवणाऱ्याला याची भुरळ पडणं स्वाभाविक आहे. पण थंडीत ही सांगड पुन्हा जुळते. उणे १० अंशांच्या आसपास रेघ परत उमटू लागते आणि उणे २० पर्यंत पूर्ण दिसते. बर्फाळ प्रदेशात रात्रभर गाडीत राहिलेला किंवा कडाक्याच्या थंडीत टपालाने गेलेला क्विल्ट उघडावा, तर सगळी आखणी जशीच्या तशी. शिवाय गडद कापडावर, विशेषतः बाटिकसारख्या दाट रंगवलेल्या कापडावर, रंग गेला तरी फिकट पांढरट रेघ मागे राहू शकते, आणि ती ना उष्णतेने जाते ना थंडीने. या पेनाला एकच सुरक्षित जागा आहे: तुकड्यांच्या मागच्या बाजूची, शिवणीच्या मायेतली खूण. माया म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेली कापडाची कड. ती साधारण ६ मिलिमीटरची असते आणि आत दडते. क्विल्टच्या वरच्या दर्शनी थरावर हे पेन टेकवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पाण्याने जाणारं निळं पेन. त्यावर थोडं थांबू, कारण ते सर्वाधिक उपयोगाचं आहे आणि त्याच्याच बाबतीत सर्वाधिक चुका होतात. त्याची रेघ ठळक असते, हाताच्या घर्षणाने पुसत नाही, बरेच दिवस टिकते. मात्र त्याचे तीन शत्रू आहेत. पहिला उष्णता. इस्त्री, गरम पाणी, उन्हात तापलेली गाडी, ड्रायर, यांपैकी काहीही लागलं की निळी शाई पक्की बसते आणि बरेचदा तपकिरी होते. म्हणून वरचा थर आधी पूर्ण इस्त्री करून घ्यायचा आणि मगच आखायचं. आखल्यानंतर चुणी पडली तर ती हातानेच काढायची. दुसरा शत्रू साबण. डिटर्जंट किंवा सोडा आधी लागला तर रेघ पिवळट-तपकिरी होऊन राहू शकते. तिसरा शत्रू म्हणजे कमी पाणी. वाचून नवल वाटेल, पण ओल्या फडक्याने रेघ टिपणं हा घोटाळ्याचा हमखास मार्ग आहे. रेघेवरची शाई विरघळते, पण बाहेर जात नाही. ती खालच्या वॅडिंगमध्ये, म्हणजे मधल्या मऊ भरावात, उतरते. कापड वाळताना पाणी वरच्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि शाईही त्याच्याबरोबर वर येते. ‘पुसलेली रेघ दुसऱ्या दिवशी परत आली’ म्हणतात ती ही.

यावर उपाय एकच, भरपूर थंड पाणी. पूर्ण क्विल्ट बुडेल एवढ्या टबात किंवा बादलीत साधं थंड पाणी घ्यायचं, त्यात काहीही मिसळायचं नाही. क्विल्ट पूर्ण बुडवून हाताने हलके दाबायचा, म्हणजे पाणी वॅडिंगपर्यंत पोचेल. अर्धा तास ठेवून पाणी ओतायचं, नवं भरायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. मग सपाट पसरून सावलीत वाळवायचा. वाळल्यावर पूर्ण उजेडात नीट पाहायचं, आणि कुठेही निळसर छटा दिसली तर पुन्हा बुडवायचा. रेघ गेल्याची खात्री झाल्यावरच डिटर्जंट, आणि इस्त्री त्याच्याही नंतर.

यातूनच साधन निवडण्याची एक महत्त्वाची कसोटी निघते. क्विल्ट असा बुडवता येणार आहे का? न धुतलेलं गडद लाल किंवा गडद निळं कापड पांढऱ्याशेजारी शिवलं असेल, तर अर्धा तास पाण्यात ठेवणं म्हणजे रंग फुटायला आमंत्रण. रेशमी कापड किंवा लोकरीचं वॅडिंग असेल तरी भिजवणं धोक्याचं. अशा क्विल्टला निळं पेन लावायचंच नाही. लावायचंच असेल तर सगळी गडद कापडं शिवण्याआधी धुवून, रंग सुटायचा थांबेपर्यंत खंगाळून घ्यायचे. भिंतीवर टांगायच्या, कधीच धुतल्या न जाणाऱ्या क्विल्टलाही हेच लागू. जो भिजणार नाही, त्यावर भिजवून जाणारी रेघ नको.

मग तिथे काय वापरायचं? हेरा. हे मूळचं जपानी साधन आहे, किमोनो शिवताना कापडावर खुणा करण्यासाठीचं. आज ते बहुधा प्लास्टिकचं मिळतं. त्याला बोथट, वळणदार कड असते. शाई नाही, पूड नाही. पट्टी ठेवून कड दाबत ओढली की कापडावर चकचकीत घडी उमटते. हेराने वॅडिंग आणि अस्तर लावून कच्चे टाके घातल्यानंतर आखावं, कारण खाली मऊ थर असला की घडी खोल पडते. खाली टेबल मात्र कडक हवं. दिवा बाजूने, तिरका पडेल असा ठेवायचा. समोरून प्रकाश पडला तर घडी दिसतच नाही. एकरंगी सुती कापडावर हेरा अप्रतिम चालतो. दाट छापील नक्षीत त्याची रेघ हरवते, आणि पॉलिएस्टर घडी धरत नाही. सरळ रेघा आणि सौम्य वळणं जमतात, बारीक पानाफुलांसाठी हेरा नाही. चुकून वेडीवाकडी ओढलेली घडी पाणी शिंपडून सपाट करता येते.

खडूंमध्ये पहिला भेद मातीचा की मेणाचा, हा. मेणखडूची टिकली बोटाला गुळगुळीत लागते आणि नखाने खरवडली तर पूड न पडता कीस निघतो. लोकरीच्या कापडासाठी ती चालते, पण सुती कापडावर इस्त्री लागताच मेण वितळून तेलकट डाग पडतो. क्विल्टसाठी भुकटीचा पांढरा खडूच घ्यावा. चाकाच्या डबीतून पूड सोडणारा खडू सर्वांत बारीक रेघ देतो, आणि गडद कापडावर तो उत्तम. रंगीत खडूंबद्दल सावध राहा. लाल, पिवळ्या, गुलाबी पुडीत रंगद्रव्य मिसळलेलं असतं आणि ते धाग्यात शिरू शकतं. खडूची अडचण म्हणजे तो हाताखाली झडतो, म्हणून एकावेळी शिवून होईल तेवढाच भाग आखायचा. खडूची पूड बांधलेल्या पुरचुंडीने स्टेन्सिलवरून नक्षी उतरवायची असेल तर ती आपटू नये, ओढावी. आपटली की पूड स्टेन्सिलखाली पसरते.

शिसपेन्सिलीबद्दल गैरसमज बरेच. शिसपेन्सिलीचं ‘शिसं’ म्हणजे ग्रॅफाइट. ते पाण्यात विरघळत नाही, घर्षणाने झिजतं एवढंच. जुन्या क्विल्टांवर आजही टाक्यांच्या कडेने पेन्सिलीच्या रेघा दिसतात, त्या यामुळे. तरीही फिकट कापडावर, हाताच्या बारीक टाक्यांसाठी ती वापरता येते. टणक शिसं घ्यायचं, २एच किंवा ३एच, अर्ध्या मिलिमीटरचं. मऊ बी प्रकारातलं शिसं फरफटतं आणि फिका दोरा ओढताना करडा होतो. रेघ एकदाच, न दाबता, आणि शक्यतो अखंड न ओढता तुटक ठिपक्यांत. कापड सरकू नये म्हणून खाली बारीक दाण्याचा सॅंडपेपर चिकटवलेली फळी ठेवली की दाब आपोआप कमी लागतो.

मास्किंग टेपबद्दल थोडक्यात. ६ मिलिमीटर रुंदीची टेप शिवणीला समांतर लावून तिच्या कडेने टाके घालता येतात, कसलीच रेघ न ओढता. फक्त काम थांबवताना ती काढायची. रात्रभर किंवा उकाड्यात राहिली की गोंद कापडावर उतरतो आणि त्यावर धूळ बसते. मशीनने शिवणाऱ्यांना पातळ कागदावर नक्षी काढून तो वर टाचून शिवता येतं, नंतर कागद फाडून काढायचा. टाका थोडा लहान ठेवला तर छिद्रं जवळ पडतात आणि कागद सहज सुटतो. पण त्या कागदावरची नक्षी मऊ पेन्सिलीने काढू नका, सुई ग्रॅफाइट धाग्यावर घेऊन जाते.

बॉलपेन, जेल पेन, ऑफिसचा कार्बन पेपर, ‘धुतल्यावर जाईल’ असं कोणीतरी सांगितलेला मुलांचा स्केचपेन, यांवर चर्चाच नको. आंघोळीच्या साबणाच्या चिपा गडद कापडावर चांगल्या आखतात, पण मॉइश्चरायझर किंवा तेल मिसळलेला साबण नको. डाग त्या तेलाचा पडतो.

आता चाचणी. ‘आधी तुकड्यावर पाहा’ एवढं ऐकून लोक एक रेघ ओढतात, पुसतात आणि समाधान मानतात. त्याने फारसं कळत नाही. वापरणार असाल त्या प्रत्येक कापडाचा हाताएवढा तुकडा घ्या, आणि त्याला तेच वॅडिंग, तेच अस्तर लावा, कारण शाई वर येण्याचा सगळा खेळ त्या थरातला आहे. प्रत्येक साधनाने एक रेघ ओढा, शेजारी मायेत त्याचं नाव शिवून किंवा टाचून ठेवा. मग वाट पाहा. क्विल्ट पूर्ण व्हायला तीन महिने लागणार असतील तर तुकडाही निदान काही आठवडे पडून राहू दे, कारण आज सहज निघणारी रेघ जुनी झाल्यावर निघेलच असं नाही. त्यानंतर तुकड्याचे चार भाग करा. एक थंड पाण्यात, एक नेहमीच्या डिटर्जंटमध्ये, एकावर इस्त्री आणि मग धुणं, आणि एक इस्त्री करून रात्रभर फ्रीजरमध्ये. घरगुती फ्रीजर साधारण उणे १८ अंशांवर असतो, उष्णतेने जाणारी रेघ परत येते का हे तिथे नक्की कळतं. चारही भाग वाळल्यावर खिडकीत धरून पाहा. कारखान्यातली खळ असलेलं कोरं कापड आणि धुतलेलं कापड रेघ वेगळी धरतात, म्हणून चाचणीचा तुकडाही क्विल्टच्या कापडाच्या अवस्थेतलाच हवा.

तपकिरी झालेल्या रेघेचं काय, हा प्रश्न हमखास येतो. खात्रीचा उपाय नाही. आधी पुन्हा थंड पाण्यातच बराच वेळ भिजवायचं, रात्रभर, दोन-तीनदा पाणी बदलून. त्याने फरक पडत असेल तर तेच चालू ठेवायचं. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका. ते डागाआधी कापड खातं.

क्विल्ट कोणाला देणार असाल, तर निळ्या किंवा जांभळ्या रेघांचं पहिलं भिजवणं देण्यापूर्वी स्वतःच करा. घेणाऱ्याला रेघ दिसत नसते. तो क्विल्ट गरम पाण्यात डिटर्जंट घालून मशीनमध्ये टाकेल, आणि त्यात त्याची काहीच चूक नसेल.