देवबागची आरएक्स आणि चाकांवरचं मीठ

आवाज ऐका आधी. गाडी मेन स्टँडवर आहे, पुढचं चाक नुसतं हाताने फिरवलंय, आणि ब्रेकच्या ड्रममधून जो खर्र खर्र आवाज येतोय ना ती वाळू आहे, देवबागची बारीक वाळू, किती वर्षं आत बसलीय कोण जाणे.

ही माझ्या मोठ्या काकांची आरएक्स १००, यामाहाची मोटरसायकल. भारतात ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, काकांची ९३ सालची. देवबाग ते मालवण बारा-एक किलोमीटर, काका रोज हिच्यावरून जायचे यायचे, मग गुडघा दुखायला लागला आणि गाडी पडवीत उभी राहिली ती राहिलीच. इंजिन मी गेल्या मे महिन्यात चालू केलं, त्याला फार त्रास झाला नाही. खरं दुखणं चाकांचं होतं.

आता देवबाग ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, आणि मधे माडांची एक चिंचोळी पट्टी, तिच्यावर आमची घरं. वारा कुठूनही आला तरी खाराच. मिठाचं एक आहे, हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर त्याच्याही खूप आधीच ओलावा धरतात. म्हणजे पडवीत, पावसाचा थेंब न लागता, नुसती उभी असलेली गाडीपण आमच्याकडे ओलीच असते, डोळ्याला कोरडी दिसते एवढंच.

कॅमेरा जरा जवळ नेतो. हे रिंगवर दिसतंय ते सगळं एकच वाटतं ना, लालसर तपकिरी? पण हे दोन वेगळे डाग आहेत. ओलं फडकं फिरवलं की जो निघून आला तो तांबड्या मातीचा, वर जांभ्याच्या रस्त्यावरून आलेला. ती मातीपण लोखंडाच्याच गंजाने लाल झालेली असते, म्हणून रंग इतका जुळतो. आणि फडक्याने हलला नाही, नखाला खरखरीत लागला, तो रिंगचा स्वतःचा गंज. स्पोकवर अजून तिसराच प्रकार आहे, पांढरी पूड, ती जस्ताची. स्पोकवर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून पांढरं दिसतंय तोवर आतली तार बरी आहे असं समजायचं, लाल दिसायला लागलं की जस्त संपलं.

रिंगचं नेमकं उलटं. वरचा चकचकीत क्रोमचा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, त्याखाली निकेल दहा-वीस मायक्रॉन, आणि आपला केस धरा साठ-सत्तर मायक्रॉन. क्रोमला डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात, तिथून खारं पाणी आत शिरतं, आणि निकेलला भोक पडून ते लोखंडापर्यंत पोचलं की निकेलच्या आधी खालचं लोखंडच खाल्लं जातं. म्हणून रिंगवर गंज ठिपक्या-ठिपक्यांनी येतो, देवीचे व्रण असतात तसा. तो ठिपका म्हणजे भोक आहे. त्यातला गंज काढता येतो पण भोक बुजत नाही, हे आधी मनाशी पक्कं करायचं, नाहीतर माणूस चमक येईपर्यंत घासत बसतो आणि उरलेलं क्रोमपण घालवतो.

मी घालवलंय. मागच्या रिंगवर हा जो राखाडी, आंधळा पट्टा दिसतोय तो माझ्या हातचा. चारेक वर्षांपूर्वी घाईघाईत बाथरूमचं ॲसिड ओतलं होतं, कुणीतरी सांगितलं गंज झटक्यात जातो म्हणून. गेलापण, पाच मिनिटांत. पण ते ॲसिड क्रोमलाच खातं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळा पट्टा नारिंगी झाला होता. काका बघून काही बोलले नाहीत, नुसता हात फिरवला त्याच्यावरून. ते मला अजून आठवतं.

यावेळी म्हणून घाई केली नाही. पहिले दोन दिवस फक्त पाणी. त्यातपण एक चूक कळली, काका इतकी वर्षं गाडी धुवायचे ती मागच्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या पाण्याने, आणि ती बाव मचूळ आहे. पिताना कळतं, धुताना कोण चाखतो? म्हणजे रोज मीठ काढायचे आणि वाळल्यावर थोडं परत ठेवायचे. आमच्या मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ला आहे, १६६४ ला महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, चहूबाजूंनी समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्हींना गोडं पाणी. लहानपणापासून त्या बावी बघतोय, पण गोड्या पाण्याची किंमत मला हे चाक धुताना जास्त कळली. वरच्या वाडीतल्या नळाचं पाणी कॅनमधून आणलं, साध्या साबणाने धुतलं, आणि स्पोकच्या मुळाशी जिथे हात जात नाही तिथे काथ्याची सुतळी ओवून पुढेमागे ओढली. सोडणापासून, म्हणजे नारळाच्या सालापासून काढलेला काथ्या, त्याच्याएवढा बरा ब्रश मला बाजारात मिळाला नाही.

मग गंज. मी आमसुलं आणायला निघालो होतो, आपल्याकडे तांब्याची भांडी घासतात तसं, तर काकूने थांबवलं. "आमसुला नको रे, तेका मीठ लावलेला आसता. बिंबला घे." मागच्या दारी बिंबलाचं झाड आहे, खोडालाच फळं लगडलेली. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, आणि गंज काढायच्या कितीतरी तयार औषधांत हेच आम्ल असतं. काकूला आम्लाचं नाव माहीत नाही, कपड्यावरचा लोखंडाचा डाग बिंबलाने जातो हे तिला तिच्या आईकडून माहीत आहे. फळ कापून ठिपक्यांवर चोळलं, दहा मिनिटं ठेवलं, मग स्वयंपाकाची ॲल्युमिनियम फॉइल चुरगळून ओली करून हलक्या हाताने घासली. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ, त्यामुळे क्रोमवर ओरखडा पडत नाही आणि गंज उचलला जातो. बघा हे पाणी कसं तांबडं काळं निघतंय. वाळूचा कागद, लोखंडी काथ्या, भांड्याची घासणी, यातलं काही रिंगला लावू नका, कळकळीने सांगतोय. आणि हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागाला, आंबट लावायचं नाही, धुण्याचा सोडापण नाही, हब ॲल्युमिनियमचं आहे, दोन्हींनी काळवंडतं. हबला मऊ ब्रश, साबण, नंतर मेटल पॉलिश, बास. प्रत्येक वेळी लगेच गोड्या पाण्याने धुवून कोरडं करायचं, अगदी केसाचा ड्रायर लावला मी.

ड्रम उघडला तेव्हा आतली धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने टिपली, तोंडाला मास्क. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जाऊ द्यायचं नाही.

इथून पुढे मेस्त्रींचं काम. मालवणात जुने मेस्त्री आहेत, चाकं घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "झिला, चकचकीत करूचा की चालवूचा, ता आधी ठरय." मी म्हटलं चालवायचंय. मग त्यांनी पट्ट्या घालून टायर उतरवला. टायरच्या अंगावर चार आकडे होते, ३१०९, म्हणजे २००९ सालचा ३१वा आठवडा, त्या वर्षीचा श्रावण. काकांना लगेच आठवलं, गणपतीच्या आधी घातलेला टायर. रबराला भेगा, तो गेला भंगारात. पण रिंगच्या आतली बाजू बघा. बाहेरून आपण ठिपके मोजत बसलो होतो आणि आत निपलांच्या, म्हणजे स्पोक आवळायच्या नटांच्या, भोकांभोवती गंजाचे पापुद्रे सुटलेत, हाच गंज ट्यूबला आतून कातरत असतो. मेस्त्री म्हणाले, "भायल्यान डाग दिसतत, खरो रोग हय आसा." आत मात्र वाळूचा कागद चालतो, तिथे क्रोमची चमक कुणाला बघायचीय. पांढऱ्या धातूपर्यंत घासलं, प्राइमरचे दोन हात, आणि ट्यूबखाली नवीन रबरी फ्लॅप.

स्पोक एका चाकाला ३६. निपल गंजाने धरलेले, त्यांना रात्रभर तेल पाजलं, तरी दोन तुटलेच. सगळे परत आवळले आणि मग मेस्त्रींनी पान्याने एकेका तारेवर टिचकी मारत चाक फिरवलं, टण, टण, टण, थद्द. "ह्यो बोलता. ह्यो मुको." मुका म्हणजे ढिला. मग खडू धरून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला, खडू जिथे घासला तिथे रिंग त्या बाजूला गेलेली, तिथली पलीकडच्या बाजूची तार अर्धा फेर आवळायची. दोन मिलिमीटरच्या आत आलं की चालतं म्हणतात, मेस्त्रींनी एकाच्या आत आणलं, दोन तास लागले आणि त्यात ते एक शब्द बोलले नाहीत.

नवीन रिंग घे असं बऱ्याच जणांनी सांगितलं. मिळतात, चमकतातपण. पण बाजारात क्रोम किती पातळ मारलंय ते बघून कळत नाही, आणि आमच्या वाऱ्यात पातळ क्रोम दोन पावसाळेसुद्धा काढत नाही असं मेस्त्रींचं मत, माझंपण. ही मूळ रिंग ९३ पासून उभी आहे, सरळ आहे, लोखंड जाड आहे. ठिपके राहणार. त्यांच्यात मेण भरलंय, गाडीला लावतात तेच मेण, कापडाने दाबून दोनदा, टायरच्या माथ्यावर आणि ड्रमवर न लागता. मिरगाच्या आधी परत लावायचं, दसऱ्याला परत.

ही आजची संध्याकाळ. पुन्हा चाक फिरवतोय, ऐका. आता फक्त बेअरिंगचा आवाज. मागच्या रिंगवरचा माझा राखाडी पट्टा तसाच आहे, मेणामुळे थोडा निवळलाय. काका गाडीवर बसून बंदरापर्यंत जाऊन आले, एकच फेरी, येताना वाळूतून आले कारण त्यांना सवय तीच. उतरल्यावर स्वतःच आत गेले, नळाच्या पाण्याची बादली घेऊन बाहेर आले, आणि पुढच्या चाकापाशी पाट टाकून बसले.